रुमालाखालचा सौदा

श्रावणात कारंज्याला कापसाचा दलाल येतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे कळायला कस्तुराबाईला फार डोकं लागलं नाही. मंदीचं दुसरं वर्ष, शेतात कपाशीची पऱ्हाटी अजून गुडघाभर. मग नागपूरचा हा पाहुणा तिच्या सासऱ्यांशी, शालिग्रामशेठशी, चार दिवस कसला भाव करत होता?

भाव होत होता हे नक्की. शेठच्या, म्हणजे उंबर्डेकरांच्या, बैठकीत आकडा तोंडाने बोलायची रीत नव्हती. दोघांच्या हातांवर रुमाल पडायचा आणि खाली बोटं धरून काय ते ठरायचं. एक बोट म्हणजे शंभर, दोन म्हणजे दोनशे. शिवाय शेठच्या पणजोबांचा नेम होता, की सौदा मिटेपर्यंत जो हात रुमालाखाली येईल त्याला नाही म्हणायचं नाही, आणि चढा भाव देईल त्याचाच माल. ह्या नेमावर घराण्याने चार पिढ्या नाव कमावलं होतं.

कस्तुराबाई पडद्याआडून दलालावर डोळे रोखून होती. मेल्याची नजर शेठवर कमी आणि वरच जास्त. वर काय होतं? सागवानी खांब, त्यांच्यावरचे कोरीव पोपट, वेलबुट्टीच्या कमानी.

"बाई, त्यानं खांबाले सुतळी लावून पाह्यली," जळतण घेऊन आलेली भुरीबाई कुजबुजली. "म्या माह्या डोयानं पाह्यलं."

"काहून?"

"मले काय मालूम? मोठ्या लोकायच्या गोष्टी."

सौदा खांबांचाच असणार, असा कस्तुराबाईला संशय आला. तिचा नवरा जगदेव तीन वर्षांपूर्वी तापाने गेला, तेव्हापासून ह्या घरात तिला आपली वाटावी अशी ही बैठकच उरली होती. लग्नाच्या वर्षी ह्याच खांबांना तेल चोळून तिने हात काळे केले होते. आणि सासरे ते सरकीसारखे विकायला निघाले, घरात एका शब्दाने न विचारता! तिचा नुसता संताप झाला.

आत रुमाल पडला. डोईवरचा पदर पुढे ओढून ती सरळ बैठकीत गेली. विधवा सून, तीही परपुरुषासमोर! दलालाने दचकून हात काढून घेतला, आणि त्या जागी तिने आपला घातला.

सासऱ्याच्या हाताला सुनेने हात लावणं म्हणजे केवढी गोष्ट! रुमाल फेकून त्यांना उठता आलं असतं. पण नेम त्यांच्याच पणजोबांचा. त्यांनी मान खाली घालून तिची चार बोटं धरली. चारशे, दलालाने दिलेला भाव.

श्रावणात चारशेला विकावं असं घरात दुसरं काय होतं? म्हणजे संशय खरा होता. तो खोटा निघावा असं तिला किती वाटत होतं! रडू आवरून तिने त्यांचा अख्खा पंजा धरला. पाचशे. माहेरच्या दागिन्यांत तेवढे निघाले असते.

"पाचशे आले," शेठ रीत मोडून मोठ्याने म्हणाले आणि दलालाकडे वळले. त्याने नकारार्थी मान हलवली आणि उठून जोडे शोधू लागला.

"सौदा झाला," शेठ म्हणाले. दलाल दाराबाहेर गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, हे बोटायचं तुले कोनं शिकोलं?"

"तुमच्या लेकानं, मामाजी. दुसरं कोन शिकोन?"

शेठच्या डोळ्यांना धार लागली. ते गादीवरून उठू लागले.

"बसा," ती म्हणाली. "खांब माहे झाले तरी गादी तुमचीच हाय. पन आजपासून बैठकीची किल्ली माह्याजवळ राहीन."