जोसीची गाठ

ऐली कांगसचं डोकं शनिवारी सकाळीच फिरलं. शिबिरात ओढ्यावर दोरांचा पूल बांधायची स्पर्धा होती, आणि दोर बांधण्यासाठी ज्या बर्चच्या झाडाला लाल फीत लावली होती, ते झाड मेलेलं होतं. वरून साल पांढरीशुभ्र. बघणाऱ्याला वाटावं, अजून पन्नास वर्षं हलायचं नाही. पण ऐलीच्या आजोबांनी मिशिगनच्या उत्तरेकडच्या या जंगलांत जन्मभर लाकूडतोड केली होती. बर्च आतून कुजला तरी साल त्याला उभा धरून ठेवते, हे ती पाढ्यांच्या आधी शिकली होती. तिने खोडावर मूठ आपटली. भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारावं तसा आवाज आला.

"खरंच कुजलंय गं," ऐलीच्या पथकाच्या प्रमुख प्रुइट बाई म्हणाल्या. त्यांनीही टकटक करून बघितलं होतं.

ऐली चौदा वर्षांची, पाच मुलींच्या तुकडीची नायिका. तिने दोर शेजारच्या मेपलच्या झाडाकडे ओढायला घेतला, तोच शिबिरप्रमुख स्ट्राउड सर आले.

"फीत कुठल्या झाडाला आहे?"

"बर्चला. पण सर, ते कुजलंय."

"अठरा वर्षं हे शिबिर चालवतोय मी. झाडं मी स्वतः निवडलीत."

"मग निवडताना हात लावून बघितलं नसेल."

ओढ्यापलीकडे उभी असलेली मुलं फिसकन हसली. सरांची मान लाल झाली. त्यांनी प्रुइट बाईंकडे बघितलं. ऐलीनेही बघितलं. बाई आता बोलतील, आत्ता बोलतील...

"ऐली, सर सांगतात तसं कर ना. उगाच वाद नको."

ऐलीने दात आवळले. गाठ मारायचं काम जोसीचं होतं. तुकडीतली सगळ्यात लहान, अकरा वर्षांची; दोन आठवडे घरातल्या खुर्चीच्या पायांना गाठी मारून तिने आईला वैताग आणला होता. तिने बर्चला दोर गुंडाळला, गाठ आवळली, पुन्हा आवळली. पूल तयार झाला.

"चला, एकेक जण पलीकडे," सर म्हणाले.

"माझ्या मुली जाणार नाहीत," ऐली म्हणाली.

"शून्य गुण मिळतील."

"द्या."

"भित्र्या!" म्हणत सर स्वतःच दोरावर चढले. दोन पावलं नीट पडली. तिसऱ्याला बर्च मधोमध खचला. कडकडाटही नाही, नुसता फस्स. सर मे महिन्याच्या त्या बर्फगार पाण्यात आडवे झाले. मनगट मुरगळलं, चष्मा वाहून गेला.

एवढ्यावर ऐलीचा राग निवळलाही असता. मुलींनीच हात देऊन सरांना बाहेर काढलं होतं. पण दुपारी जेवणाआधी सगळे झेंड्यापाशी जमले, तेव्हा सर पट्टी बांधलेला हात वर करून म्हणाले, "आजचा धडा काय? गाठ तीनदा तपासा. एका तुकडीची गाठ सुटली, आणि त्याचं फळ मी भोगतोय."

साठ माना वळल्या. जोसीचा चेहरा पांढरा पडला. "मी दोनदाच तपासली गं," ती पुटपुटली आणि रडायला लागली. प्रुइट बाई स्वतःच्या बुटांकडे बघत होत्या.

ऐली रांग सोडून पळत सुटली. मागून कुणीतरी हाका मारत होतं. ओढ्याकाठी बर्चचा तुटका तुकडा दोरासकट अजून पडलेला होता. तिने चाकूने दोर कापला आणि गाठ जशीच्या तशी ठेवून तो ओंडका छातीशी धरून आणला. परत आली तेव्हा सगळे जेवणघरात टेबलांशी बसले होते. तिने तो सरांच्या ताटाशेजारी आदळला. सूप सांडलं.

"सोडून दाखवा," ती म्हणाली. "सुटलेली गाठ आहे ना? मग सोडा की!"

"मुली, आवाज खाली."

"खोटं बोलताना तुमचा वर होता!"

शेजारच्या टेबलावरून दुसऱ्या पथकाचे म्हातारे प्रमुख, हॅकेट आजोबा, उठून आले. त्यांनी गाठ ओढून बघितली. मग लाकडात अंगठा खुपसला; तो पेरापर्यंत आत गेला. "वेंडेल," ते सरांना म्हणाले, "गाठ पक्की आहे. लाकडाचा भुसा झालाय."

सर घसा खाकरून म्हणाले, "ठीक आहे. या तुकडीला पूर्ण गुण."

"गुण ठेवा तुमच्याकडे. तिला सांगा."

"काय सांगू?"

"तिची गाठ सुटली नव्हती, हे. जेवढ्या मोठ्याने झेंड्यापाशी बोललात, तेवढ्याच मोठ्याने."

सरांनी सांगितलं. तेवढ्या मोठ्याने नाही, पण शेवटच्या टेबलापर्यंत पोचलं. जोसीने बाहीने नाक पुसलं.

रविवारी परतताना प्रुइट बाईंनी ऐलीला गाडीत पुढे बसवलं.

"मी बोलायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "त्या माणसापुढे माझी जीभच उचलत नाही."

"तुम्हाला माहीत होतं, बाई. सरांना निदान माहीत नव्हतं."

"रागावलीस माझ्यावर?"

"हो."

बाईंनी मान हलवली. ऐलीला वाटलं, आता काहीतरी मऊ बोलावं, मोठ्या माणसाचे डोळे भरलेत. पण आतून शब्द येईना, आणि खोटा शब्द तिला काढायचा नव्हता. तिने खिडकीची काच खाली केली आणि घर येईपर्यंत तोंडावर वारा घेत बसली.