दाराशी ठेवलेले बूट

डेक्कनच्या एका दुकानासाठी मी विजेचा पंखा रंगवला होता. मे महिन्यात लोक त्या पाटीखाली येऊन उभे राहायचे. दोघांना सर्दी झाली. असा माझा हात. पण पुढे फ्लेक्स आला. यंत्रातून पाटी फडफडत बाहेर पडायला लागली आणि पोपट पेंटरला कोणी विचारेना. मी काही घरी बसलो नाही. रोज सकाळी रंगाचा डबा घेऊन कामाला निघायचो आणि खडकवासल्याला पाण्याकडे बघत बसायचो. आमच्या मंडळींना, कांताबाईंना, यातलं काही कळलं नाही. थापेतही माझा हात साफ.

नवव्या दिवशी पुतणी दारात. "जयभीम, काका. हातानं रंगवणारा माणूस हवाय."

कल्याणीनं हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून धायरीत कार्टूनचा स्टुडिओ काढला होता, जयसिंगरावांच्या रिकाम्या पोल्ट्रीत. बावीस पोरंपोरी, बावीस कॉम्प्युटर, आणि हवा दमट झाली की कोंबड्यांचा वास. पहिल्या महिन्यात एका कॉम्प्युटरनं अंडं दिलं, हे मी शपथेवर सांगतो.

काम होतं अमेरिकेतल्या एका विनोदी मालिकेचं. बाप, आई, दोन पोरं. चौदा वर्षं रोज टीव्हीवर, आणि चौदा वर्षांत पोरांची इयत्ता काही बदलली नाही. तिकडून संवाद आणि कच्ची चित्रं येत. त्यांवरून हजारो पक्की चित्रं करून द्यायची. चाचणीसाठी एक एपिसोड कल्याणीला मिळाला होता. पास झाला तर पुढचे बारा. नापास झाला तर स्टुडिओ बंद.

जयसिंगरावांनी तसं सांगूनच टाकलं होतं. "पोरी, तुझं हे चाललं तर माझी शेड तुझीच हाय. न्हायतर मांडववाला थांबलाय. मंगल कार्यालय करायचं म्हनतोय."

एपिसोडची गोष्ट अशी: बापाची नोकरी जाते. घरी तो सांगत नाही. रोज टाय लावून निघतो आणि तळ्याकाठी बदकांना पाव घालत बसतो. शेवटी शेजारीण बायकोला फोन करून चहाडी करते. मला गोष्ट आवडली. जरा ओळखीची वाटली.

एक दिवस कांताबाई डबा घेऊन आल्या आणि माझ्या टेबलावर वाकल्या.

"अहो, ही बाई आत्ता फरशी पुसत होती ना?"

"हो."

"आणि हा बूट घालून सरळ सोफ्यावर?"

"त्यांच्यात चालतं."

"चालत असेल. पुसणारीला विचारलंय का कोणी?"

डबा ठेवून त्या गेल्या, पण मला काही ते चित्र पुढे रंगवेना. मी दाराशी एक चपलांचं कपाट काढलं आणि चौघांनाही बूट काढायला लावले. आता बापाची पावलं कशी काढायची? चौदा वर्षांत ती कोणी पाहिलीच नव्हती. म्हणून समोर ओट्यावर बसलेल्या जयसिंगरावांची घेतली: अंगठा बाजूला गेलेला, टाचेला भेगा. पोरांनी माझ्या नमुन्यावरून शेकडो चित्रं केली. कल्याणीनं तीनदा तपासलं. कोणाला काही खटकलं नाही. खटकणार कसं? बावीस जणांच्या चपला शेडच्या बाहेरच होत्या.

एपिसोड गेला. पाचव्या दिवशी सकाळी आठला फोन आला. तिकडे अजून कालचीच संध्याकाळ होती.

"कल्याणी, हे सगळे अनवाणी का आहेत?" दिग्दर्शक मार्टिनसाहेब. फोन सगळ्यांना ऐकू येत होता. माझं इंग्रजी पाट्यांपुरतं, पण एवढं कळलं. "चार दिवसांत बूट घालून द्या. नाहीतर काम दुसरीकडे जाईल."

कल्याणीनं माझ्याकडे पाहिलं. मी कागदावर लिहून सरकवलं: सॉफ्टवेअर बिघडलं म्हण. तिनं वाचलं, कागदाची चौकोनी घडी केली आणि माझ्याच खिशात घातली.

"सर, आमच्याकडे घरात चपला घालत नाहीत. बावीस जणांनी पाहिलं, एकाच्याही डोळ्यांना खुपलं नाही. चूक आमची. पण चार दिवसांत एवढी चित्रं बदलून होणार नाहीत. होतील असं खोटं सांगणार नाही."

खिडकीबाहेर जयसिंगराव, आणि त्यांच्यामागे टेप घेऊन मांडववाला. तो भिंतीची लांबी मोजायला लागलाही होता.

"दाराशी बापाचे बूट आहेत," मार्टिनसाहेब म्हणाले. "त्यांना चिखल लागलाय. तो कोणी काढला?"

"काकांनी."

"का?"

मी मराठीतच म्हणालो, "दिवसभर तळ्याकाठी बसल्यावर चिखल लागणार नाही तर काय लागेल, अत्तर?"

कल्याणीनं इंग्रजीत सांगितलं. तिकडे चार-पाच जण हसले. मग त्यांची आपापसात बरीच कुजबुज झाली.

"शेजारणीचा फोन आमच्यात कोणालाच आवडत नव्हता," मार्टिनसाहेब म्हणाले. "तो काढून टाकू. बूट दाराशीच राहू देत; बायकोला त्यांच्यावरूनच कळतं. बोलत काही नाही. पुसते आणि परत ठेवते. एवढं चार दिवसांत होईल?"

"तीन दिवसांत," कल्याणी म्हणाली.

आता बूट पुसणारा हात हवा. कांताबाईंना बोलावलं, एक फडकं दिलं आणि माझीच चप्पल पुढे केली.

"असा धरू?"

"तसाच. हलू नकोस."

"मला काय शिकवताय? खडकवासल्याला जायचात तेव्हाही मीच पुसत होते."

माझी पेन्सिल थांबली. "तुला माहीत होतं?"

"आठ दिवस चपलेवर रंगाचा एक ठिपका नाही. नुसता चिखल. मग कल्याणीच्या घरी जाऊन आले."

"मग मला बोलली का नाहीस?"

"इतकं मन लावून थाप मारत होतात. मधे कशाला बोलू?"

तो हात मी एका बैठकीत काढला. आयुष्यात इतका चांगला हात दुसरा काढलेला नाही. पंखा त्याच्यापुढे काहीच नाही.

एपिसोड पास झाला. बारा आले. सोबत चिठ्ठी होती की यापुढे घरात बूट घालावेत. मांडववाला लोणी काळभोरला दुसरी जागा बघायला गेला. जयसिंगराव अजून पारावर सांगतात, "अमेरिकेत घराघरात हिंडून आलोय, अनवानी."

आणि मी? रोज संध्याकाळी घरी निघताना चपलेवर रंगाचा एक ठिपका आहे ना, ते बघतो. नसला तर पिवळा टाकतो. कांताबाई दारातच वाकून बघतात.

"हा पडलेला नाही," म्हणतात. "हा ब्रशनं काढलाय."