रिकाम्या पेल्याचा वास

चाखणीच्या खोलीत यायचं तर अंगाला अत्तर नको, केसांना तेल नको, आदल्या दिवशीच्या जेवणात लसूणही नको. चाखणीचे मुख्य, थोरले साहेब, दारातच उलटतपासणी घेतात. बाळंतपणानंतर कामावरच्या माझ्या पहिल्या दिवशी मी सगळ्याला नाही म्हणाले आणि आत शिरले. खरं तर अर्धा जीव घरीच होता. जिन्यावरूनच फोन केला, तर सासूबाई म्हणाल्या की बाळ झोपलंय, आता तूही जरा गप पड.

टेबलावर त्या दिवशी एक कोवळी सिंगल माल्ट व्हिस्की होती, वन्संच्या हातची. भट्टी माझ्या नणंदेच्या ताब्यात. जव भिजत घालण्यापासून लाकडी पिंपं भरण्यापर्यंत सगळं त्यांनी स्वतः निगुतीने केलेलं. माल्ट पास झाली तर एकटी बाटलीत जाणार, नाहीतर स्वस्त मिश्रणात ओतणार, आणि वन्संना पुन्हा स्वतःच्या मनाची पिंपं भरू देणार नाहीत, हे वरून कळवलेलं होतं. आपल्याच मालाच्या चाखणीला बसायचं नाही हा नियम, म्हणून त्या काचेच्या दाराबाहेर हाताची घडी घालून उभ्या.

मी अंगावर पाजते, तेव्हा नुसती हुंगेन, घोट घेणार नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. हुंगून पोट भरत असतं तर स्वयंपाकघरं ओस पडली असती, असा टोला साहेबांनी हाणलाच.

रंगाला भुलू नये म्हणून आमचे पेले गडद निळे. साहेबांनी थेंबभर पाणी घातलं, नाक खुपसलं आणि पेला खाली ठेवला.

"तान्ह्या पोराची ओकारी," ते म्हणाले.

कोवळ्या मालात हा दोष खरंच निघतो. आंबलेल्या दुधासारखा वास, आणि एकदा बसला की हटत नाही. मी पुन्हापुन्हा हुंगलं. मला वास पिकलेल्या नाशपातीचा येत होता, भट्टीतून नुकत्याच काढलेल्या बिस्किटाचा येत होता, ताज्या तासलेल्या लाकडाचा येत होता. ओकारी कुठेच नाही. मी तसं सांगितल्यावर साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले की बाळंतिणीचं नाक आहे, थोडे दिवस जातील. त्यांनी पेन्सिल उचलली.

माझं नाक गेलं की काय? मग वाटलं, ज्या वासात मी दिवसरात्र राहते, तो मला येईलच कसा? माझी नजर साहेबांच्या कोपराशेजारच्या खुर्चीकडे गेली. खोली गार म्हणून आणलेली माझी शाल तिच्या पाठीवर टाकलेली होती. सकाळी ब्लाउज बदलला होता मी, शाल नाही. खांद्याच्या जागी पांढरट डाग वाळला होता.

नुसतं सांगून भागणार नव्हतं. एकदा बोललेला शब्द साहेब मागे घेत नाहीत, उलट मलाच घरी धाडलं असतं. मी म्हटलं, अजून एकच पेला बघा, मग लिहा. कपाटातून एक धुतलेला पेला काढला, झाकण लावलं आणि त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी झाकण उचललं, डोळे मिटले. "हाच तो. इथे तर जास्तच आहे."

"साहेब, तो पेला रिकामा आहे."

त्यांनी पेला तळहातावर उपडा केला. तळहात कोरडाच. मग मान पुढे काढून, नाकामागून ते निघाले आणि थेट शालीपाशी थांबले.

"हे काय आहे?"

"माझा मुलगा," मी म्हटलं.

साहेब हसायला लागले ते खुर्ची धरूनच खाली बसले. लसणाचं विचारलं, पोराचं विचारायचं राहिलं, असं म्हणत त्यांनी शाल चिमटीत धरून दाराबाहेर वन्संच्या हातात कोंबली. खिडक्या सताड उघडल्या. वास पार गेल्यावर नवे पेले भरले.

साहेब बराच वेळ हुंगत राहिले. मग त्यांनी घोट घेतला. आमच्याकडे घोट तस्तात थुंकायचा असतो, आणि इतक्या वर्षांत त्यांनी कधी तो नियम मोडलेला नाही. या वेळी गिळला.

"नाशपाती," ते म्हणाले. "आणि तुझं ते बिस्किटही. हिला बाटलीत भरा, एकटीला. आणि पुढच्या वेळेपासून रांगेत एक रिकामा पेला ठेवत जा, माझ्यासाठी."

मी काचेतूनच वन्संना मान हलवली. मग हातातली ती शाल त्यांनी झटकून, डागासकट, खांद्यावर घेतली आणि भट्टीकडे निघाल्या, अगदी पट्टराणीच्या तोऱ्यात.