दात मोडलेली कॅसेट

मित्रांनो, मला एका जागी बसवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. फिरणं हाच माझा धंदा. ज्याच्या पोटात दोन चाकं दिली, त्याला कपाटात कोंडून वर फडकं घालायचं म्हणजे काय म्हणावं? गेल्या पावसाळ्यापासून मी मसुऱ्याच्या या शाळेत, या कपाटात पडून आहे. एका बाजूला फुटका पृथ्वीगोल, दुसऱ्या बाजूला डांबराच्या गोळ्या. दार करकरलं की वाटतं, आली आपली पाळी. आणि बघतो तर शिपाई खडूचा खोका घेऊन चालता होतो. आज तुम्ही दार उघडलंत, मला उचललंत आणि एकमेकांना विचारलंत, "ह्या काय रे?" आता विचारलंत ना, मग ऐकूनच जा.

मी जन्मलो परदेशात, पण तिथलं मला काही आठवत नाही. आठवतो तो जहाजाचा तेलकट वास. सुगंधाबाई बागवे तुमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांचे थोरले भाऊ, सगळे त्यांना भाई म्हणत, जहाजावर कामाला होते. एका मे महिन्यात ते मला टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन आले. बहीण आता निवांत गाणी ऐकत बसेल, अशी त्यांची कल्पना. बहिणीने काय केलं? त्याच संध्याकाळी पेचकस आणला आणि माझं झाकण उघडलं. माझा जीव गोळा झाला. भाईही घाबरले.

"अगो, नवो कोरो आसा तो. कित्याक मोडतंस?"

"मोडणंय नाय. बघतंय. जा उघडूक येणा नाय, ता आपला कसला?"

त्यांनी माझा पट्टा बघितला, चाकं बोटाने फिरवून बघितली आणि सगळं होतं तसं बसवलं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

या बाई मोठ्या चमत्कारिक. विज्ञानाच्या, पण देवळापुढे दशावताराचा खेळ असला की पहिल्या रांगेत. शिक्षकांच्या खोलीत त्यांची चेष्टा व्हायची. विज्ञानवाल्यांना राक्षस कसले आवडतात, म्हणून कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "राक्षस नाही हो, मृदंग." मृदंग वाजवायचा लवू. पावसाळ्यात शेती करायचा आणि जत्रा लागल्या की दशावताराच्या कंपनीबरोबर गावोगाव फिरायचा. बाई त्याला दुपारी ओसरीवर बसवायच्या, मला समोर ठेवायच्या, आणि माझी लाल आणि काळी अशी दोन्ही बटणं एकदम दाबायच्या, म्हणजे त्याचं वाजवणं कॅसेटवर उतरायचं. मग त्याचा तोच तुकडा मागे-पुढे, मागे-पुढे. माझी चाकं गरम व्हायची. मला मात्र त्यात भारी मजा यायची.

मृदंगाच्या कातड्यावर मधोमध काळी शाई असते, बघितलीय ना? त्या शाईनेच आवाज गोल होतो, नाहीतर नुसता ढबढबाट. बाई त्या शाईवर बोट ठेवून एकदा लवूला म्हणाल्या, "ही पयली कोणी लावल्यान असात रे? तेचा नाव खंय लिवलेला नाय. तेना लपवन ठेवल्यान असता, तर तुझ्यापर्यंत येती काय?"

लवू नुसता हसला. कारण त्याच्याकडेही एक लपवलेली गोष्ट होती. त्याच्या आज्याचा एक ठेका होता, घरातला. लवू तो बाहेर वाजवायचा नाही. बाईंनी एकदा मागितला, तर मान खाली घालून म्हणाला, "तो नको, बाईनू. दुसरो खंयचोय मागा." बाईंनी परत मागितला नाही.

मग शाळेत कॉम्प्युटर आला. सरकारी योजनेतून आला, पेंढा भरलेल्या खोक्यातून. सगळ्या गावाने येऊन बघितला. हेडमास्तर हरिश्चंद्र सरांनी हार घातला आणि खोलीला कुलूप लावलं. किल्ली बाईंनी रोज मागून मागून मिळवली. आता गंमत अशी, की त्या कॉम्प्युटरला आठवणच राहायची नाही. बंद केला की सगळं विसरायचा. त्याने काय करायचं ते एकामागून एक ओळींत लिहून द्यावं लागे, त्याला प्रोग्रॅम म्हणत. आणि ते लिहिलेलं जपून ठेवायचं कुठे? माझ्या पोटातल्या कॅसेटवर. म्हणजे एवढा मोठा शहाणा, पण माझ्यावाचून त्याचं पान हलत नव्हतं. मी हे जरा फुशारकीने सांगतो, सांगू द्या.

प्रोग्रॅमची कॅसेट वाजवली तर गाणं नाही ऐकू येत. किर्रर्र, चीं, अशी नुसती किंचाळी येते. पोरं कानात बोटं घालून ओरडायची, "टेपात भूत गेला." ते भूत कॉम्प्युटरला मात्र बरोबर समजायचं.

बाईंनी काय केलं, तर लवूचा मृदंग माझ्याकडून ऐकून ऐकून त्याचा प्रोग्रॅम लिहिला. 'धा' हा बोल लिहिला की पडद्यावर मोठी लाट, 'किट' लिहिला की बारक्या दोन, आणि कॉम्प्युटर स्वतःच्या पिचक्या आवाजात ठेका धरायचा. आठवीची पोरं ध्वनीचा धडा शिकताना एकेक ओळ बदलायची, लगेच ठेका बदलायचा. ती खोली शाळेत सगळ्यात गोंगाटाची झाली. बाईंचं समाधान मात्र होत नव्हतं. रोज एखादी ओळ खोडायच्या, रोज कॅसेटवर नव्याने उतरवायच्या.

आणि मागेल त्याला द्यायच्या. कसालच्या शाळेलाही तसलाच कॉम्प्युटर आला होता. तिथले सदानंद सर एकदा एसटी स्टँडवर भेटले, म्हणाले, आमचं यंत्र नुसतं धूळ खातंय. बाईंनी पुढच्या शनिवारी त्यांच्या हातात एक कॅसेट ठेवली. म्हणाल्या, "आतल्या ओळी उघड्याच आसत. पोरांका बदलूक देवा."

हे हरिश्चंद्र सरांना कळलं आणि ते भडकले. त्यांचंही चुकत नव्हतं, मित्रांनो. योजनेचे साहेब सांगून गेले होते, की कुडाळला विज्ञान प्रदर्शन आहे. ज्या शाळेला दाखवायला काही नसेल, तिथला कॉम्प्युटर उचलून मोठ्या शाळेला देऊ. एवढ्या खटपटीने आणलेलं यंत्र जाणार, या धास्तीने सरांना झोप नव्हती.

"बाई, प्रोग्रॅमला कुलूप घालता येतं ना? नुसता चालेल, आतलं दिसणार नाही, असं?"

"येतं, सर."

"मग घातलं का नाही? निदान प्रदर्शन होईपर्यंत कोणाला द्यायचा नव्हता. आता कसालवाले तोच आणून मांडतील, आणि आपण बसू तोंड बघत."

घरी आल्यावर बाई ओसरीवर येरझाऱ्या घालायला लागल्या. मला चालू करायच्या, बंद करायच्या. आपण देऊन चूक केली की काय, हे त्यांच्या मनातून जाईना. यंत्र गेलं तर पोरांचं काय? त्या रात्री जेवण नीट गेलं नाही त्यांना.

आता कॅसेटच्या पाठीला दोन बारीक प्लॅस्टिकचे दात असतात. ते मोडले, की तिच्यावर दुसरं काही उतरवता येत नाही. बाईंनी आपल्या प्रोग्रॅमच्या कॅसेटचे दात मोडले नव्हते. रोज सुधारणा चालू, मोडणार कधी?

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाई शाळेत होत्या आणि मी घरी ओसरीवर. कॅसेट माझ्या पोटात. तेवढ्यात लवू आला, मृदंग गळ्यात अडकवूनच. घरात कोणी नव्हतं. त्याने माझं बटण दाबलं. किर्रर्र, चीं. त्याने बंद केलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. "अरेरे, बाईंची कॅसेट खराब झाली. उद्या कुडाळाक काय वाजयतले?" असं स्वतःशीच म्हणाला. मग त्याने आवाज घुमावा म्हणून मृदंगाच्या डाव्या बाजूला ओली कणीक लावली, कॅसेट मागे घेतली आणि माझी लाल-काळी बटणं एकदम दाबली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. माझ्याच पोटात बाईंच्या प्रोग्रॅमची एकेक ओळ पुसली जात होती. आणि मी काय ऐकत होतो? त्याच्या आज्याचा ठेका. जो तो कोणाला देत नव्हता, तो. असलं वाजवणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला रडावं की नाचावं कळेना. चाकं मात्र फिरत राहिली, तेवढंच त्यांना येतं.

दुसऱ्या दिवशी एसटीत मी बाईंच्या मांडीवर. त्यांची बोटं माझ्या झाकणावर सारखी टकटक करत होती. शेजारी हरिश्चंद्र सर, रुमालाने मान पुसत. मागच्या बाकावर लवू, धुतलेला सदरा घालून, कोणाला काही न सांगता गालातल्या गालात हसत. आत काय पुसलं गेलंय, ते एकट्या मला ठाऊक होतं.

कुडाळच्या शाळेतला कॉम्प्युटर सगळ्यांनी पाळीपाळीने वापरायचा होता. आम्ही आत शिरतो न शिरतो तो कसालच्या टेबलावर पाटी दिसली, 'मृदंगाचा आवाज'. सरांनी बाईंकडे असं काही बघितलं, की बाईंचा चेहरा उतरला. पहिला पुकारा आमचा झाला. बाईंनी मला तारेने जोडलं, कॉम्प्युटरला हुकूम दिला आणि माझं बटण दाबलं.

किर्रर्र नाही, चीं नाही. सगळ्या सभागृहात लवूचा मृदंग घुमला.

पडदा कोरा. बाईंचा हात तसाच बटणावर. लोक मात्र उठून जवळ यायला लागले. परीक्षक म्हातारे होते, मान डोलवत म्हणाले, "वा, बाई. तुमचा कॉम्प्युटर फारच सुरेख वाजवतो हो."

एक होकार दिला, की यंत्र मसुऱ्याला राहणार होतं. हरिश्चंद्र सरांचे डोळे तेच सांगत होते, बोला, हो म्हणा. बाईंनी माझं बटण बंद केलं. त्या म्हणाल्या, "नाही सर. हा कॉम्प्युटर नव्हे. हा लवू. माझा प्रोग्रॅम या कॅसेटवरून पुसला गेलाय."

मागे लवूचं हसणं विरलं. तेव्हा त्याला कळलं.

आणि तेव्हा सदानंद सर उठले. त्यांच्या हातात बाईंनी दिलेली कॅसेट होती. हळूच म्हणाले, "ही घाला, बाई. तुमचीच आसा. पोरांनी तिच्यात थोडी ढवळाढवळ केल्यानी हा."

"आणि तुमची पाळी?"

"ह्या दाखयल्यार आमच्याकडे दुसरा काय आसा? एकच पाळी जावंदे दोघांची."

मी ती कॅसेट अशी वाजवली, की जन्मात वाजवली नव्हती. पडद्यावर पहिली ओळ आली: 'मूळ लेखन सुगंधा बागवे, मसुरे.' खाली: 'भर घातली कसालच्या मुलांनी.' लाटा उठल्या. आणि मग एक ठेका आला जो बाईंनी लिहिलेलाच नव्हता. फुगडीचा. कसालच्या मुलींनी घातलेला. बाई बघतच राहिल्या. आपल्या घरून गेलेलं पोर दुसऱ्याच्या घरी चार गोष्टी शिकून परत यावं, तसा त्यांचा चेहरा झाला. त्या रडल्या, आणि रडताना त्यांना त्याची लाजही वाटली नाही.

परीक्षकांनी विचारलं, "मग हे नक्की कोणाचं?" सदानंद सरांनी बाईंकडे बोट केलं. बाईंनी लवूकडे. लवू दाराशी उभा राहून म्हणाला, "माझ्या आज्याचा, साहेब. तेका कोणी दिल्यान, ता माका ठावक नाय."

नंबर काही आला नाही. दोन शाळांचं एकच असल्यावर येणार कसा? पण योजनेचे साहेब जाताना हरिश्चंद्र सरांना म्हणाले, "जिथून दुसऱ्या शाळेत काही जातं, तिथलं यंत्र आम्ही हलवत नाही." परतीच्या एसटीत सर बाईंच्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही कुलूप घातलं असतंत, तर आज आपण हात हलवत आलो असतो." एवढं म्हणून त्यांनी खिशातून कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली काढली आणि बाईंना देऊन टाकली.

लवू मान वर करायला तयार नव्हता. "माझ्यामुळा झाला सगळा."

बाई म्हणाल्या, "लवू, माझा गेला ता परत इला, कारण मी ता दिल्लंय. तुझ्या आज्याचो ठेको गेलो असतो, तर मी खंयसून परत हाडतलंय?" आणि त्यांनी केसांतली पिन काढली, कॅसेट मांडीवर उलटी धरली आणि तिचे दोन्ही दात कडकन मोडले. कुलूप वेगळं आणि दात मोडणं वेगळं, मित्रांनो. कुलपाने ऐकता येत नाही. दात मोडले की फक्त पुसता येत नाही.

मग काय, माझे सोन्याचे दिवस आले. गावोगावचे शिक्षक कोऱ्या कॅसेटी घेऊन यायचे आणि मी दिवसभर किंचाळायचो. पण दिवस कोणाचे राहतात? फ्लॉपीचा नवा कॉम्प्युटर आला, त्याला माझी गरज उरली नाही. बाई कुडाळच्या शाळेत मुख्याध्यापिका झाल्या. जाताना मला इथे ठेवून म्हणाल्या, "पोरांच्या हाताखाली राहू दे." पोरांचे हात काही लागले नाहीत. माझा पट्टा सैल झाला, वर फडकं आलं. आणि मागच्या जत्रेआधी लवू गेला. ही बातमी मी या कपाटाच्या फटीतून ऐकली.

आता तुम्ही विचाराल, एवढं तळमळायला काय झालं? सांगतो. सगळ्यांनी प्रोग्रॅम मागितला, त्याच्या प्रती कुठे कुठे असतील. तो मृदंग मात्र कोणी मागितलाच नाही. ती दात मोडलेली कॅसेट अजून माझ्या पोटात आहे, आणि जगात तेवढी एकच आहे. ही समुद्राकाठची हवा ओली आहे. फिती एकमेकींना चिकटतात, बुरशी धरते. दोन दातांनी तिला माणसांपासून वाचवलं, हवेपासून कोण वाचवणार?

तेव्हा मला परत फडक्याखाली ठेवू नका. पेचकस आणा, झाकण उघडा, बघा, मोडाल म्हणून भिऊ नका. पट्टा बदला. मग हळू हाताने काळं बटण दाबा आणि शेजारी दुसरा टेप घेऊन बसा. लाल बटण त्याचं दाबा. लवूचा आजा तुमच्या घरी येईल, मग तुमच्या शेजाऱ्याकडे जाईल. आणि तुमच्यातल्या कोणाला त्यात फुगडी घालावीशी वाटली, तर खुशाल घाला.