कण्हण्याचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्यावर चादर टाकली आहे, त्यामुळे मी तुम्हाला धुवायच्या कपड्यांचा ढीग वाटेन.

कारखान्यातून निघालो तो घरांचे नकाशे काढणाऱ्या एका कार्यालयात आलो. माझ्या पडद्यावर खिडक्या, जिने, गच्च्या उमटत. "हा गडी कधी दगा देत नाही," असं साहेब म्हणत. पुढे नवी यंत्रं आली, मी अडगळीत पडलो. तिथे नकाशे काढणाऱ्या एका बाईंनी मला आपल्या मुलीसाठी घरी नेलं. मुलगी नऊ वर्षांची. आजोबांनी तिचं नाव ठेवलं होतं खारूताई.

सुरुवातीला ती माझ्यावर चित्रं काढायची. मग वर्गातल्या कुणीतरी तिला बंदुकांचा एक खेळ सांगितला. तो सुरू होण्याआधी वय विचारलं जाई. अठराच्या आतल्यांना तो द्यायचा नाही, असा सरकारचाच नियम होता. तिने बाबांना बोलावलं. बाबा फोनवर होते. त्यांनी स्वतःची जन्मतारीख टाकली आणि म्हणाले, "घे, आता माझं डोकं खाऊ नकोस."

पहिल्या दिवशी माझ्या स्पीकरमधून माणसं कण्हू लागली, तेव्हा खारूताईने कान झाकून घेतले. पुढे पुढे ते कण्हणं ऐकत ती बिस्किटं खाऊ लागली. आजोबा दारातून म्हणायचे, "अगं, माणसं विव्हळतायत. तुला काहीच कसं वाटत नाही?"

"आजोबा, खोटं असतं ते!"

एका दुपारी घरात ती दोघंच होती. आजोबा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि धाडकन कोसळले. मग ते कण्हू लागले. खारूताईला ते ऐकू गेलं, पण तिने मानही वळवली नाही. तिला वाटलं, खेळातलाच कुणीतरी. तो आवाज माझा नव्हता, हे मला कळत होतं. पण सांगायला मला तोंड कुठे होतं?

संध्याकाळी आई घरी आली आणि स्वयंपाकघरातून तिची किंकाळी उठली. खारूताईला तीही खेळातलीच वाटली.

आजोबा जगले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. "वेळ फार गेला," एवढंच डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यातून घरी आल्यावर बाबा कडाडले, "सरकार काय झोपा काढतंय? असले खेळ बंदच करायला हवेत!"

"सरकारने कुलूप लावलं होतं," आई म्हणाली. "किल्ली तुम्ही दिलीत."

"आणि हे धूड घरात कुणी आणलं?"

बाबांनी माझी वायर उपटली. खारूताई भिंतीला टेकून उभी होती. तिला कुणीच जवळ घेतलं नाही.

मित्रांनो, मी यंत्र आहे. जे भराल तेच मी वाजवणार, जो समोर बसेल त्यालाच दाखवणार. कायद्याने आवरायचं की आईबापांनी, हा वाद मोठ्यांनी खुशाल घालावा. पण तोवर मूल माझ्यासमोर एकटं सोडू नये. मला बंद करायला एक बोट पुरतं. या घरात ते कुणीच उचललं नाही.

खारूताई आता शाळेतून आली की आजोबांच्या खाटेपाशी बसते. त्यांचे ओठ थरथरतात, आवाज फुटत नाही. ती आपला कान त्यांच्या तोंडाशी नेते.

"आजोबा, एकदा हाक मारा ना. आता मी लगेच येईन."