तीज कोणाच्या ओट्यावर

धरणाच्या पाण्याने आमचा तांडा घेतला आणि सरकारने आम्हांस आखीव नगर दिले. रस्ते काटकोनात, घरे एका साच्यातली, दारे एकाच निळ्या रंगाची. कोणी कोठे राहावे, हे चिठ्ठ्यांनी ठरले. नायकाची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाची पत्नी म्हणून मी जन्मभर तांड्याच्या पहिल्या घरात राहिले. येथे शेवटच्या गल्लीतले, गिरणीमागचे घर माझ्या वाट्याला आले.

मी तक्रार केली नाही. परंतु राखीपौर्णिमा उजाडली तरी एकही मुलगी दारी येईना, तेव्हा माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तिजेच्या सणासाठी टोपल्यांत गहू पेरण्यापूर्वी आमच्या कुमारिका नायकाच्या घरी परवानगी मागतात. टोपल्या त्याच ओट्यावर वाढतात. नायक गेल्यापासून ती परवानगी मी देत आले. सिमेंटवर सारवण धरत नव्हते, तरी मी ओटा दोनदा सारवला.

"याडी, बसा ना घडीभर," सून रुपीबाई म्हणाली. आमच्यात आईला, वडीलधाऱ्या बाईला याडी म्हणतात.

"कापसाची शेते धरणात बुडाली म्हणून सणही बुडाला काय?"

तिने मान खाली घातली. "पोरी पेरून राह्यल्या, याडी. सुग्राबीच्या ओट्यावर."

सुग्राबी म्हणजे आमच्यासारख्याच धरणाने उठवलेल्या शेजारच्या गावातल्या रहेमान मिस्त्रीची बायको. नगरात शिरताच पहिले घर तिचे. मी कवड्यांची ओढणी घेतली आणि निघाले. चौक सारे सारखेच. दोनदा चुकीच्या गल्लीत वळले, त्याने संताप अधिकच वाढला.

मुली टोपल्यांत वारुळाची माती भरत होत्या. सुग्राबी काठीने कोंबड्या हाकलत होती.

"कोणाला विचारून?" मी गरजले.

आमच्या तांड्यातल्या फुलसिंगची थोरली मुलगी पुढे झाली. "याडी, तूच सांगतलं होतं, तीज पहिल्या घरी बसते. पहिलं घर हेच हाय. चाचीले विचारलं आम्ही."

"मले काय मालूम, नायकीणबाई!" सुग्राबी म्हणाली. "पोरी हात जोडून उभ्या राह्यल्या. माह्या घरात बकरीबी माह्यं ऐकत नाही. पहिल्यांदा कोनी इजाजत मागितली, म्हटलं लावा बाप्पा!"

मुली खुदकल्या. मी हसले नाही. तीज येथे राहिली, तर मी केवळ गिरणीमागची म्हातारी उरणार होते. टोपल्या उचला म्हटले असते, तर त्यांनी उचलल्याही असत्या. परंतु दोन टोपल्यांत गहू पडला होता, आणि पेरलेली टोपली विसर्जनापूर्वी हलवू नये, हेही मीच शिकवले होते.

"सुग्राबी, बाज टाक."

"कायले?"

"मी बसणार आहे." मग मुलींकडे वळले. "मागा परवानगी."

"चाचीनं देल्ली ना," फुलसिंगची धाकटी पुटपुटली.

"तिने ओट्याची दिली. तिजेची मी देते."

त्यांनी हात जोडले. मी परवानगी दिली. बाजेवर बसले खरी, परंतु पाठ टेकवली नाही. नजर सारखी त्या सरळसोट रस्त्यावर जात होती.

"आता रोज येनार काय?" सुग्राबीने विचारले.

"विसर्जनापर्यंत."

"मंग कोंबड्या तुमीच हाका," ती म्हणाली आणि काठी माझ्या हाती देऊन चहा ठेवायला आत गेली.