नरसिंहरावांच्या मागची बाई

नरसिंहरावांनी हेडफोन उतरवून टेबलावर ठेवला आणि जाहीर केलं, की टॉवर बंद झाला. एकोणीस वर्षांनी. आपण जिंकलो. मग ते ग्लासभर पाणी प्यायले. त्या गोष्टीला महिना उलटला आणि आता त्या घरात टॉवर बंद झालेलाच नाही. कुणी विचारलं तर नरसिंहराव म्हणतात, "चालूच आहे की." कृष्णवेणीबाई नवऱ्याला खोटं पाडत नाहीत, निदान पाहुण्यांसमोर. तेव्हा आपणही टॉवर चालू आहे असं धरून चालू.

टॉवर चालू आहे. बेंगळूरुजवळ, देवनहळ्ळीच्या अलीकडे, जिथे द्राक्षांचे मळे संपून प्लॉटांचे दगड सुरू होतात, तिथे तो तांबडा-पांढरा उभा आहे. त्याच्या पायापासून चारशे पावलांवर नरसिंहरावांचं घर. बेंगळूरुच्या शिवाजीनगरातलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद करून ते इकडे राहायला आले. हौशी रेडिओचा, म्हणजे घरच्या सेटवरून दूरवर बोलण्याचा परवाना असलेल्या माणसाने रेडिओ केंद्राच्या टॉवरखाली घर घेणं म्हणजे काय, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण गच्चीवरून निपाणीच्या दिशेला काहीच आडवं येत नव्हतं. टॉवर दुसऱ्या बाजूला होता, म्हणून त्यांनी तिकडे पाहिलंच नाही.

टॉवर घरातल्या प्रत्येक लोखंडात उतरायचा. गच्चीवरची कपड्यांची तार सकाळी हलक्या आवाजात बातम्या सांगायची. गंजलेलं फाटक दुपारी भावगीतं म्हणायचं. अर्धवट उघडं ठेवलं तर जास्त सुरेल. कृष्णवेणीबाई ओली साडी तारेवर टाकायच्या आणि गाणं साडीखाली गेल्यासारखं मंद व्हायचं. त्यांना वाटायचं, आपण कुणाच्या तरी झोपेत कपडे वाळत घालतोय.

गुरुवारी अकरा वाजता नरसिंहराव निपाणीच्या मल्लाप्पांशी बोलत. एकतीस वर्षं. मल्लाप्पा तंबाखूच्या वखारीत कारकून होते, आता रिटायर. दोघे कधी भेटलेले नव्हते. भेटायचं दोनदा ठरलं होतं. दोन्ही वेळा दोघांनाही तो रेडिओचा अपमान वाटला.

नेमकं अकरालाच टॉवरवर शेतीचं वार्तापत्र लागे. ते वाचणारी बाई नरसिंहरावांच्या सेटमध्ये शिरायची. मल्लाप्पा गुडघ्याचं सांगू लागले की मधेच ती निंबोळी अर्काचं प्रमाण सांगायची, आणि मल्लाप्पा गुडघ्यावर निंबोळी अर्क फवारतात, अशी नरसिंहरावांची दोन वर्षं समजूत होती. बाई त्यांच्या माइकमध्येही शिरायची आणि त्यांच्या आवाजाला धरून थेट निपाणीला जायची. नरसिंहरावांनी माइकला तांब्याची जाळी गुंडाळली, वायरींना वेटोळी घातली, एकदा स्वतः कपाटात बसून बोलले. बाई कपाटात आधीच होती.

"नरसू, आज तुझी बाई खोकतिया," मल्लाप्पा म्हणायचे. "तिला काढा पाज की."

आता, टॉवर बंद झाला. होय, झाला, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथला वॉचमन मंजुनाथ टॉवरच्या फाटकाला कुलूप घालत होता. नरसिंहराव मुद्दाम तिथवर चालत गेले.

"आता सगळं मोबाइलवर, अण्णा," मंजुनाथ म्हणाला. "हे नुसतं लोखंड. मी पण लोखंडच राखणार."

"किती दिवस?"

"दिवस कसले? मुगीतु. संपलं."

नरसिंहराव परत येताना शीळ घालत होते. कपड्यांची तार गप्प होती.

त्या गुरुवारी अकराला त्यांनी बटण दाबलं. "निपाणी, निपाणी, मी नरसिंहराव, बेंगळूरु. कसा येतोय? ओव्हर."

उत्तर इतकं स्वच्छ आलं की त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी धरला. मल्लाप्पांचा श्वास ऐकू येत होता. मागे कुठेतरी कोंबडी होती.

"पाच-नऊ, एकदम पाच-नऊ, पैकीच्या पैकी! काचेगत येतोय आवाज. पयल्यांदाच भेटतोय आपण. नाव काय म्हणालासा? ओव्हर."

"मल्लाप्पा, थट्टा पुरे. ओव्हर."

"थट्टा न्हाई हो. माझाबी एक दोस्त हाय बेंगळुरात, तुमच्याच नावाचा. पर त्याच्या मागं एक बाई मिरचीचं सांगत असती. तुमच्या मागं कुणीच न्हाई."

चार दिवसांनी टपालाने कार्ड आलं. हौशी रेडिओवाल्यांमध्ये पहिल्या भेटीनंतर कार्ड पाठवायची पद्धत असते. 'पहिल्या संपर्काच्या आनंदाप्रीत्यर्थ', आणि खाली मल्लाप्पांची गोल सही. पुढच्या आठवड्यात दुसरं आलं. तेही पहिल्याच संपर्काचं.

नरसिंहरावांनी निपाणीला फोन लावला. तो मल्लाप्पांच्या सुनेने, यल्लव्वाने घेतला.

"मामंजी इसरायला लागून वर्ष झालं, काका," ती म्हणाली. "मला रोज इचारत्यात, नवीन आलीस काय म्हणून. पोराला डाक्टर म्हणत्यात. एक तुमचंच नाव तेवढं धरून हुते. गुरुवार आला की दाढी करून बसायचे, नरसू येणार म्हणून."

"मग आता?"

"आताबी दाढी करत्यात की."

फोन ठेवून नरसिंहराव बराच वेळ माइकवरची जाळी सोडवत बसले. सोडवून झाल्यावर पुन्हा गुंडाळली.

"अहो, जेवायला या," कृष्णवेणीबाई म्हणाल्या. मग त्याच येऊन दारात टेकल्या. त्यांना सगळं सांगावं लागलं नाही. दोन्ही कार्डं टेबलावर होती. त्यांनी वाचली, उलटी करून पाहिली.

"ते बाईवरनं ओळखायचे तुम्हाला?"

"हूं."

"मग बाई मी होते की. त्यात काय."

चौथ्या गुरुवारी कृष्णवेणीबाई चष्मा लावून नवऱ्याच्या मागे तीन फुटांवर उभ्या राहिल्या. हातात शेतीखात्याचं जुनं माहितीपत्रक होतं. नवी साडी नेसल्या होत्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नरसिंहरावांनी हेडफोनऐवजी स्पीकर लावला.

"निपाणी, मी नरसिंहराव. ओव्हर."

मागून आवाज सुरू झाला, शुद्ध कन्नडमध्ये. "रैत बांधवरे, मेणसिनकायि बेळेगे…" शेतकरी बांधवांनो, मिरचीच्या पिकाला. कृष्णवेणीबाई कधीच इतकं चांगलं वाचल्या नव्हत्या. फुलकिड्यांपर्यंत आल्या तेव्हा त्या ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या.

स्पीकर खरखरला. कोंबडी ऐकू आली. मग मल्लाप्पा.

"मागं कोण हाय?"

नरसिंहरावांचा हात बटणावर थांबला.

"बाई हाय. मिरचीचं सांगतिया," मल्लाप्पा हळू म्हणाले. मग त्यांनी कोंबडी हाकलल्याचं ऐकू आलं. "पर ती न्हवं ही. ती झोप न झाल्यागत वाचायची. ही लई मनापासनं वाचतिया."

कृष्णवेणीबाईंनी पत्रक खाली केलं.

"तुम्ही तिकडंच राहतासा न्हवं? मग एक काम करा," मल्लाप्पा म्हणाले. "आमच्या नरसूला गाठा. म्हणावं, मल्लाप्पा दर गुरुवारी बसतोय. चार आठवडं झालं, आलंच न्हाई पोरगं. कुठं आजारी पडलंय काय की. एवढं सांगा. ओव्हर."

नरसिंहरावांनी पेन्सिल घेतली आणि निरोप शब्दशः लिहून घेतला. खाली तारीख टाकली.

"निरोप मिळाला," ते म्हणाले. "पोचवतो. ओव्हर."

"उपकार झाले. तुमचं नाव काय म्हणालासा?"

ते त्यांनी सांगितलं. पलीकडे ते कार्डावर लिहिलं जात असणार.

"स्वल्प पुढं वाचू का?" कृष्णवेणीबाईंनी विचारलं. "निंबोळीचं राहिलंय."

"नको," नरसिंहराव म्हणाले. "तू बस."

मग त्यांनी दुकानाच्या जुन्या लेटरहेडचा एक कागद काढला. दुपारपर्यंत तीन कागद फुकट गेले. चौथा मंजुनाथला दिला. साहेब आले की देतो, असं तो म्हणाला. साहेब येणं बंद झालं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. अर्ज असा :

मा. केंद्र अभियंता यांच्या सेवेशी,
विषय : अडथळा मंजूर करणेबाबत.

महोदय, अर्जदार आपल्या टॉवरच्या शेजारी एकोणीस वर्षे राहत असून त्याची कोणतीही तक्रार नाही. सबब, सध्या विश्रांती घेत असलेला टॉवर दर गुरुवारी सकाळी अकरा ते साडेअकरा या वेळेत पूर्ण शक्तीने चालू करण्यात यावा. मिरचीचा हंगाम नसल्यास अन्य पीक चालेल. मात्र वार्तापत्र वाचणाऱ्या बाई त्याच असाव्यात, आणि बुधवारी रात्री त्यांची झोप पुरी होणार नाही, याची आपल्या कार्यालयाने दक्षता घ्यावी, ही नम्र विनंती.